एका स्वल्पविरामाची वीस वर्षे

कायद्याच्या एका वाक्यात स्वल्पविराम राहून गेला तर कोणाचे काय अडते, असे कोणीही विचारील. अमेरिकेत अडले, आणि चांगली वीस वर्षे अडले. अर्धांगवायूचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली अशा वृद्ध माणसांचे अडले. तो कायदा बदलून घेण्यासाठी ज्यांनी खेटे घातले त्यांत पुढारी आणि नामांकित वकील फारसे नव्हते. शाळेत अडखळत बोलणाऱ्या मुलांचे बोलणे सुधारणारे, इस्पितळात रुग्णाला पुन्हा शब्द जुळवायला शिकविणारे स्पीच थेरपिस्ट आणि कानांची तपासणी करणारे ऑडिऑलॉजिस्ट असे ते नोकरदार लोक होते. आठवडाभर नोकरी सांभाळायची आणि उरल्या वेळात खासदाराच्या कचेरीत जाऊन बसायचे. आपल्या वस्तीतला कार्यकर्ता करतो तेच, पण सातासमुद्रापलीकडे.

हा विषय आमच्या वाचकांना लांबचा वाटेल. पण निवेदन, शिष्टमंडळ, विधेयक, दुरुस्ती हे शब्द ज्या समाजाला बाबासाहेबांनी शिकविले, त्या समाजाला ही हकिकत परकी वाटण्याचे कारण नाही, म्हणून ती सविस्तर सांगत आहोत.

बोलायचे की चालायचे?

आधी आजार समजून घेऊ. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की शरीराची उजवी बाजू लुळी पडते आणि बहुतेकांच्या बाबतीत भाषेचे केंद्रही त्याच बाजूला असल्यामुळे वाचा जाऊ शकते. याला अफेझिया म्हणतात. माणसाला वेड लागलेले नसते. तो घरच्यांना ओळखतो, नातवाला पाहून हसतो, पण 'पाणी' म्हणायला जावे तर तोंडातून भलताच शब्द येतो किंवा काहीच येत नाही. काहींना दुसऱ्याचे बोलणेही नीट उमगत नाही. शेजारीपाजारी मात्र एकच निकाल देतात : डोक्यावर परिणाम झाला. आपल्या धम्मात सम्यक वाचेला अष्टांग मार्गात स्थान आहे. ज्याच्या मनात शब्द आहे आणि ओठावर येत नाही, त्याचे दुःख आपल्याला अधिक कळावयास हवे.

अशा रुग्णाला दोन उपचार बरोबरीने लागतात. फिजिओथेरपिस्ट हातापायांकडे पाहतो, स्पीच थेरपिस्ट वाचेकडे. हा दुसरा मनुष्य घास गिळायलाही शिकवितो. झटक्यानंतर गिळण्याची क्रिया बिघडली तर अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो आणि माणूस दगावतो. तेव्हा स्पीच थेरपी म्हणजे श्रीमंतांची चैन, हा समज मुळातच चुकीचा आहे.

आता कायद्याकडे वळू. अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी 'मेडिकेअर' नावाची सरकारी विमा योजना आहे. १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने ती आली. त्या कायद्यात १९७२ साली दुरुस्ती होऊन बाह्यरुग्णांसाठीच्या वाचा-उपचारांचा समावेश झाला, पण स्वतंत्र कलम न करता तो 'बाह्यरुग्ण फिजिओथेरपी' या व्याख्येच्या पोटात करण्यात आला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बोलायला शिकविणे हा चालायला शिकविण्याचाच एक भाग ठरला. पंचवीस वर्षे त्याने कोणाचे फारसे अडले नाही. घोळ कागदात झोपून राहिला.

तो १९९७ साली जागा झाला. सरकारी तूट कमी करण्यासाठी अध्यक्ष क्लिंटन यांनी ५ ऑगस्ट १९९७ रोजी अंदाजपत्रक समतोल कायद्यावर सही केली. त्यात दर रुग्णामागे उपचारांच्या खर्चाला वार्षिक मर्यादा घातली गेली. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हाताची दैनंदिन कामे पुन्हा शिकविण्याचा उपचार, यासाठी १५०० डॉलर. फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार यांना मात्र दोघांत मिळून १५०० डॉलर! तिन्ही उपचार स्वल्पविरामांनी वेगळे लिहिले असते तर तीन मर्यादा झाल्या असत्या. म्हणून त्या देशात ही गोष्ट 'हरवलेला स्वल्पविराम' म्हणून सांगितली जाते. बारकाईने पाहिले तर दोष स्वल्पविरामापेक्षा १९७२ च्या व्याख्येचा आहे, पण लोकांच्या तोंडी बसली ती स्वल्पविरामाची गोष्ट, आणि चळवळीला अशी एक सोपी गोष्ट लागतेच.

आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे हिशेब मांडून पाहण्याची खोड आहे. समजा, एखाद्या बाईंना जानेवारीत झटका आला. मार्चपर्यंत चालण्याच्या उपचारांवर १२०० डॉलर लागले. उरले ३००. त्यात बोलण्याचे किती धडे होणार? पुढचे नऊ महिने एकतर पदरमोड करायची, नाही तर गप्प बसायचे, आणि येथे 'गप्प बसायचे' हे शब्दशः घ्यावयाचे आहे. इस्पितळांच्या बाह्यरुग्ण विभागांना तेव्हा ही मर्यादा नव्हती, खाजगी दवाखाने आणि वृद्धांची शुश्रूषागृहे यांना होती. ज्याच्या गावाजवळ मोठे इस्पितळ नाही त्याने काय करायचे, याचा विचार कोणी केला नाही.

खेटे घालणारे कोण?

अमेरिकेतल्या वाचा आणि श्रवण तज्ज्ञांची मोठी संघटना १९२५ साली स्थापन झालेली आहे. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन तिचे नाव, मेरीलँड राज्यातल्या रॉकव्हिल येथे तिचे मुख्यालय आणि दोन लाखांहून अधिक सभासद. तिच्याकडे पगारी माणसे आहेत, संसदेत वावरणारे जाणकार आहेत, निवडणूक निधीसुद्धा आहे. हे लपविण्यात अर्थ नाही. पण पगारी माणूस खासदाराच्या दारात गेला तर तो पगारी माणूस म्हणूनच ओळखला जातो. खासदार ऐकतो मतदाराचे.

म्हणून खरा भार स्वयंसेवकांवर. प्रत्येक राज्यात या व्यवसायाची वेगळी राज्य संघटना असते आणि तिचे पदाधिकारी बहुधा नोकरी सांभाळून काम करणारे असतात. या राज्य संघटना आपल्यातून प्रतिनिधी नेमतात : एक मेडिकेअरवर लक्ष ठेवणारा, एक खाजगी विम्याच्या आणि गरिबांच्या आरोग्य योजनेच्या देयकांवर, एक शाळांतल्या प्रश्नांवर. मेडिकेअरची देयके निरनिराळ्या भागांत ठेकेदार कंपन्या तपासतात, त्या स्थानिक पातळीवर नियम लावतात. तो नियम कोणाच्या गळ्याला फास लावतो आहे हे गावातल्या थेरपिस्टलाच आधी कळते. कारकुनीत दिवस काढलेल्या माणसाला हे पटकन पटेल. परिपत्रकाची खरी गंमत ते काढणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. ती खिडकीत बसणाऱ्याला ठाऊक असते.

त्यांची काम करण्याची रीत सांगण्यासारखी आहे. तेथे संसदेला 'काँग्रेस' म्हणतात, आमच्या वाचकांनी पक्षाशी घोटाळा करू नये. आपल्याच मतदारसंघाच्या खासदाराकडे वेळ मागायची. खासदार भेटला नाही तर त्याच्या कचेरीतला विशीतला मदतनीस भेटतो. त्याला कमी लेखायचे नाही, कारण खासदारापुढे टिपण तोच ठेवणार असतो. हातात एकच पान द्यायचे : विधेयकाचा क्रमांक, मागणी, आणि या मतदारसंघातल्या रुग्णावर होणारा परिणाम. रुग्णाची संमती असेल तर त्यालाच बरोबर न्यायचे. वाचा परत मिळविलेला माणूस अडखळत दोन वाक्ये बोलला की पुढचे भाषण कोणाला करावे लागत नाही. शेवटी नेमका प्रश्न विचारायचा, या विधेयकाचे सहप्रस्तावक म्हणून आपण सही कराल का? उत्तर 'हो' किंवा 'नाही' असेच येते, गोलमाल उत्तर आले तर दोन आठवड्यांनी पुन्हा जायचे.

आपल्याकडे बऱ्याचदा निवेदन देतानाचा फोटो निघतो, तो छापून येतो आणि निवेदन फायलीत जाते. तिकडे फोटो निघतच नाहीत असे नाही, पण दोन आठवड्यांनी पुन्हा जाणारा माणूस नेमलेला असतो. फरक एवढाच आहे आणि तो थोडा नाही.

त्यांच्या वाटेतली मोठी धोंड म्हणजे दोन वर्षांची मुदत. निवडणूक होऊन नवे सभागृह बसले की जुनी अपुरी विधेयके रद्द होतात. नवा क्रमांक, नवे प्रस्तावक, नव्याने सह्या. खर्चाची मर्यादा रद्द करण्याचे विधेयक असे पुन्हा पुन्हा मांडावे लागले. मेरीलँडचे बेन कार्डिन हे आधी प्रतिनिधीगृहात होते, २००७ पासून सिनेटमध्ये गेले, आणि त्यांनी हा प्रश्न सोडला नाही. प्रस्तावक असा चिवट मिळाला तर स्वयंसेवकांचे अर्धे ओझे हलके होते.

मलमपट्टीची वर्षे

मर्यादा १ जानेवारी १९९९ ला लागू झाली आणि वर्षभरात एवढी ओरड झाली की २००० पासून तिला स्थगिती मिळाली. ही स्थगिती २००२ अखेर संपली. २००३ च्या सप्टेंबरात मर्यादा पुन्हा अवतरली, डिसेंबरात पुन्हा स्थगित झाली. २००६ च्या जानेवारीत पुन्हा आली, आता १७४० डॉलरची. मग 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असेल तर अपवाद' अशी तरतूद झाली, आणि ती तरतूदही कधी वर्षासाठी, कधी काही महिन्यांसाठी वाढवीत नेली गेली. दर वेळी डिसेंबर उजाडला की थेरपिस्ट फोनला चिकटत. कायमचा तोडगा काढायचा तर दहा वर्षांचा खर्च एकदम कागदावर दिसतो, थोडी मुदत वाढविली तर थोडाच दिसतो. जगातले सगळे अर्थखाते एकाच जातीचे! (ही एकच जात आम्हाला अजून मोडता आलेली नाही.)

मध्ये एक मोठा विजय मिळाला. फिजिओथेरपिस्ट स्वतःचा दवाखाना काढून मेडिकेअरला थेट देयक पाठवू शकत असत, स्पीच थेरपिस्टला ती मुभा नव्हती. डॉक्टरच्या किंवा एखाद्या संस्थेच्या नावाखालीच त्याचे काम जमा होई. काम एकाचे, नाव दुसऱ्याचे, हे दुखणे आपल्या लोकांना नव्याने समजावून सांगायला नको. २००८ च्या मेडिकेअर सुधारणा कायद्यात ही मुभा घालण्यात आली. अध्यक्ष बुश यांनी त्या कायद्यावर नकाराधिकार वापरला, कारण अर्थात वेगळे होते, कायद्यात इतर बरेच काही होते. १५ जुलै २००८ रोजी दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांशांहून अधिक मतांनी तो नकार मोडून काढला : प्रतिनिधीगृहात ३८३ विरुद्ध ४१, सिनेटमध्ये ७० विरुद्ध २६. १ जुलै २००९ पासून स्पीच थेरपिस्ट स्वतःच्या नावाने देयक पाठवू लागले. वाचा-उपचारांना कायद्यात स्वतंत्र व्याख्या मिळाली. खर्चाच्या मर्यादेच्या कलमात मात्र जोडगोळी तशीच राहिली.

सर्वांत जिव्हारी लागणारा दिवस १४ एप्रिल २०१५ चा. भीमजयंतीचा दिवस, हा निव्वळ योगायोग. त्या दिवशी सिनेटमध्ये मर्यादा कायमची काढून टाकण्याची दुरुस्ती कार्डिन आणि लुइझियानाचे व्हिटर या दोन वेगळ्या पक्षांच्या सिनेटरांनी मांडली. ६० मते हवी होती. ५८ पडली. दोन मतांनी गेले! दोन सिनेटरांच्या कचेऱ्यांत आणखी एकदा गेलो असतो तर, हा विचार त्या रात्री किती थेरपिस्टांच्या मनात आला असेल याची कल्पना निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार केलेल्या कोणालाही करता येईल.

२०१७ अखेर अपवादाची तरतूदही संपली आणि १ जानेवारी २०१८ ला मर्यादा पूर्ण कडकपणे पुन्हा लागू झाली, आकडा २०१० डॉलर. शेवटी ९ फेब्रुवारी २०१८ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांच्या सहीने झालेल्या अंदाजपत्रक कायद्यात ती रद्द झाली, आणि १ जानेवारीपासूनच रद्द समजण्यात आली. १९९७ ते २०१८. या लढ्यात स्पीच थेरपिस्ट एकटे नव्हते. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, हृदय आणि स्ट्रोकच्या रुग्णांसाठी काम करणारी संघटना, निवृत्तांची एएआरपी ही बलाढ्य संस्था असे सगळे एकत्र होते. एकट्या संघटनेला हे जमले असते असे आम्हाला वाटत नाही. १५०० डॉलरच्या एका ताटात जेवायला बसविलेले दोन व्यवसाय एकमेकांचे ताट ओढत बसले नाहीत, ताट बदला म्हणून दोघेही उठले, हे आम्हाला विशेष वाटते.

जमेबरोबर खर्चही सांगितला पाहिजे. या रद्द करण्याची भरपाई म्हणून त्याच कायद्यात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी यांच्या सहायकांनी केलेल्या कामाचा दर २०२२ पासून ८५ टक्क्यांवर आणण्यात आला. म्हणजे वरच्यांचा प्रश्न सुटला आणि थोडा भार खालच्या पायरीवर आला. मर्यादा गेली तरी एक 'उंबरठा' राहिला आहे. तो ओलांडला की उपचार आवश्यक असल्याची खूण देयकावर करावी लागते. २०२५ साली तो आकडा होता २४१० डॉलर, आणि तो अजूनही फिजिओथेरपी व वाचा-उपचार यांचा मिळून. स्वल्पविराम तेथे आजही पडलेला नाही.

कानांच्या बाबतीत तर यश आणखी कमी. मेडिकेअरच्या मूळ कायद्यातच श्रवणयंत्र वगळलेले आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहाने ते समाविष्ट करणारे मोठे विधेयक संमत केले, सिनेटमध्ये ते अडले आणि २०२२ साली जो कायदा झाला त्यातून हा भाग गळाला. ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य आणि मध्यम बहिरेपणासाठी दुकानातून थेट श्रवणयंत्र घेण्याची सोय तिकडे झाली, पण पैसे ज्याचे त्यालाच मोजावे लागतात.

येथे एक शंका रास्त आहे. हे थेरपिस्ट रुग्णांसाठी लढले की स्वतःच्या फीसाठी? दोन्हींसाठी, असे आमचे मत आहे, आणि त्यात वाईट काही नाही, जोवर रुग्ण शिष्टमंडळात पुढच्या खुर्चीवर आहे. तो मागच्या खुर्चीवर गेला की मात्र सावध व्हावे. मूकबधिरांच्या स्वतःच्या संघटना जगभर हेच सांगतात.

आपल्या कायद्यातली गाळलेली जागा

विधेयकातल्या शब्दांची किंमत आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. जानेवारी १९१९ मध्ये २७ वर्षांचे बाबासाहेब, तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, साउथबरो समितीपुढे साक्ष द्यायला उभे राहिले ते आकडे आणि कलमे घेऊनच. संविधान सभेत नझिरुद्दीन अहमद नावाचे सभासद स्वल्पविराम आणि शब्दरचनेवर इतक्या दुरुस्त्या मांडीत की लोक कंटाळत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी हिशेब दिला : सुमारे ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्याच भाषणात त्यांनी सनदशीर मार्ग घट्ट धरण्यास सांगितले, हे आपण दर वर्षी ऐकतोच.

तेव्हा आपल्याकडचा कायदा उघडून पाहावा. भारतीय पुनर्वास परिषद कायदा १९९२ चा आहे. त्यात पुनर्वसन व्यावसायिकांच्या यादीत पहिलेच नाव ऑडिऑलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांचे आहे. परिषदेच्या नोंदवहीत नाव नसताना व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार रुपये! आमच्या भगिनींनी मुलाला किंवा सासऱ्यांना अशा उपचारासाठी नेताना नोंदणी क्रमांक अवश्य विचारावा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाचा आणि श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, तेथे चौकशी करता येते.

दुसरा कायदा २०१६ चा, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, यात एकवीस आहेत. 'वाचा आणि भाषा दिव्यांगत्व' हा स्वतंत्र प्रकार त्यात आला आणि व्याख्येत अफेझियाचा नावानिशी उल्लेख झाला. उच्च शिक्षणातल्या किमान ५ टक्के जागा ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सर्वांसाठी आहेत, त्यात हा माणूस बसतो. पण सरकारी नोकरीतल्या किमान ४ टक्के आरक्षणाचे कलम ३४ वाचा. अंध आहेत, कर्णबधिर आहेत, अस्थिव्यंग आहेत, स्वमग्न, बौद्धिक दिव्यांग, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार असलेले आहेत, त्यांतली एकाहून अधिक दिव्यांगत्वे असलेले आहेत. वाचा आणि भाषा दिव्यांगत्व नाही. स्वरयंत्र काढावे लागलेला तरुण कायद्याने दिव्यांग आहे, पण या आरक्षणाच्या यादीत नाही. लकव्यामुळे हातपाय अधू झालेला अस्थिव्यंगात बसेल, ज्याची केवळ वाचा गेली तो कोठेच बसत नाही.

आरक्षणाच्या यादीत नाव असणे आणि नसणे म्हणजे काय, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना चांगले ठाऊक आहे. हे कलम बदलण्याचा अधिकार संसदेचा. लोकसभेची आणि राज्यसभेची याचिका समिती असते. लोकसभेत याचिका खासदाराच्या प्रतिस्वाक्षरीने सादर होते. ती हिंदीत किंवा इंग्रजीत असावी लागते, मराठीत लिहिली तर भाषांतर जोडावे लागते. सह्या करणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण नाव आणि पत्ता हवा, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा चालतो.